'सिनर्स': त्या एका रात्रीचा हिशेब

दिग्दर्शक रायन कूगलरचा 'सिनर्स' हा चित्रपट एप्रिल २०२५मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी त्यातलं संगीत उचलून धरलं, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यातला एक प्रसंग वेगळा काढून तपासावासा वाटतो आणि तो गल्ल्याचा आहे. साल १९३२, ऑक्टोबरातली शनिवारची रात्र, मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल. एका जुन्या लाकूडगिरणीत त्याच दिवशी गाण्याबजावण्याचा गुत्ता उघडलाय आणि दाराशी तीन गोरी माणसं वाद्यं घेऊन उभी आहेत, आम्हाला आत घ्या म्हणतायत. त्यांना नकार मिळतो. तरीही संकट आत शिरतं. ते कसं शिरलं, एवढाच या लेखाचा प्रश्न. (पुढे कथा शेवटापर्यंत सांगितली आहे. चित्रपट पाहायचा राहिला असेल तर आधी तो पाहावा.)

गुत्ता आहे एलायजा आणि एलायस मूर या जुळ्या भावांचा. गावात त्यांना स्मोक आणि स्टॅक म्हणतात. दोन्ही भूमिका मायकेल बी. जॉर्डननेच केल्या आहेत, आणि कोण कुठला ते चालण्या-बोलण्यावरूनही कळतं. दोघं पहिल्या महायुद्धात लढून आलेले, नंतर शिकागोच्या टोळ्यांत राहिलेले. तिथल्या आयरिश आणि इटालियन टोळ्यांना टोपी घालून पैसा, बिअर आणि वाइन घेऊन ते गावी परतलेत. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. देशातली बंदी १९३३च्या डिसेंबरात उठली, मिसिसिपीने मात्र ती थेट १९६६पर्यंत ओढली. हॉगवुड नावाच्या गोऱ्या माणसाला रोख पैसे मोजून भावांनी गिरणी विकत घेतली आहे.

मग एका दिवसात माणसं गोळा होतात. चुलतभाऊ सॅमी पाद्र्याचा मुलगा, दिवसा कापूस वेचणारा आणि गिटारवर जीव असलेला. माइल्स केटन या गायकाचं हे पहिलंच चित्रपटकाम. डेल्टा स्लिम हा दारूवर जगणारा म्हातारा वादक. ॲनी स्मोकची बायको, झाडपाला आणि मंतरतंतर जाणणारी. त्यांचं एक मूल तान्हेपणी गेलंय. मेरी ही स्टॅकची जुनी प्रेयसी, तिच्या आजोबांकडून काळं रक्त आलेली पण दिसायला पूर्ण गोरी. या जुळ्यांना तिच्या आईने माया लावून वाढवलं. ग्रेस आणि बो चाऊ हे चिनी किराणा दुकानदार. रस्त्याच्या एका बाजूला त्यांचं काळ्यांसाठी दुकान, समोर गोऱ्यांसाठी. त्यांची मुलगी एका दुकानातून निघून रस्ता ओलांडून दुसऱ्यात जाते आणि कॅमेरा न तुटता तिच्या मागोमाग जातो. त्या गावाची फाळणी समजायला ती चाल पुरते. डेल्टात, म्हणजे मिसिसिपीतल्या या कापसाच्या मुलखात, असे चिनी दुकानदार खरोखरच होते. १९२७ साली मिसिसिपीतल्याच एका चिनी कुटुंबाने मुलीला गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा नेला होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि त्या मुलीला 'रंगीत' मुलांत मोजायला राज्य मोकळं आहे असा निकाल दिला.

आता पैशाकडे येतो, कारण या रात्रीची किल्ली तिथे आहे.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा या आशेने. त्या अर्पणपत्रिकेनंतर जवळजवळ साठ वर्षांनी मिसिसिपीत त्या मुक्तीचं काय उरलं होतं, ते या चित्रपटात दिसतं. जमीन गोऱ्या मालकाची, कसणारा काळा, पीक बटाईने. वसंतात मालक बी, खाणं, कपडे उधारीवर देणार, आणि वर्षअखेर कापूस विकल्यावर हिशेब करणार. वही मालकाची, व्याज मालकाचं, वजनकाटाही मालकाचा. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांना दिली जाते त्या उचलीची जात हीच. फेडता फेडता पुढच्या हंगामाला माणूस पुन्हा बांधला जातो. त्यात १९३२च्या आसपास मंदीमुळे कापसाचा भाव पौंडाला सहा-सात सेंटांवर आला होता. अनेक मळ्यांवर मजुरी डॉलरमध्ये मिळतच नसे. मळ्याची स्वतःची टोकनं किंवा कुपनं मिळत, आणि ती मळ्याच्याच दुकानात चालत. तिथून बाहेर पडलं की त्यांची किंमत शून्य.

त्या शनिवारी गुत्त्यात माणसांची झुंबड उडते. तळलेला मासा संपतो, बिअर संपत येते. पण मागच्या खोलीत हिशेब जुळेना. कारण निम्मं गिऱ्हाईक मळ्याचं टोकन पुढे करतंय. माणसांनी आठवडाभर शेतात पाठ मोडून जे कमावलं ते हेच, त्यांच्याकडे दुसरं आहे काय? स्मोकला डॉलर हवेत, आणि त्याचंही चूक नाही. ही टोकनं घेऊन पुढचा माल कुठून आणायचा? ही मंडळी आपलीच आहेत, त्यांना परत कसं पाठवायचं, हाही प्रश्न खराच. तिथे उभे असलेले सगळेच बरोबर आहेत आणि तरी गल्ला तोट्यात आहे.

याच सुमारास ती तीन गोरी माणसं दाराशी आलेली असतात. पुढारी रेमिक, जॅक ओकॉनेलने केलेला, मूळचा आयरिश, रक्त पिणारं पिशाच्च, वय काही शतकं. ती बाहेर उभी राहून गातात, छान गातात. जे गातात ते गाणं १९३१ साली गीची वायली आणि एल्व्ही टॉमस या दोन काळ्या बायकांनी ध्वनिमुद्रित केलेलं आहे. त्याकडे पुढे येतो. भाऊ नाही म्हणतात: इथे काळ्यांची गर्दी आहे, गोऱ्या बाईला कुणाचा चुकून धक्का जरी लागला तरी उद्या कोणी फासावर लटकलेला सापडेल. हा निर्णय भीतीतून घेतलेला असला तरी अनुभवाने शिकवलेला, शहाणा निर्णय आहे. ती तिघं शांतपणे बाजूला जाऊन बसतात आणि गात राहतात.

आणि मग मेरी पुढे होते. ती म्हणते, मी जाऊन बोलून बघते, त्यांच्याकडे रोकड असेल तर बरंच आहे. ती गोरी दिसते, तिला धोका नाही, असा सगळ्यांचा समज. रेमिक तिला सोन्याची नाणी दाखवतो. ती परत येते तेव्हा मेरी राहिलेली नसते. पिशाच्चाला निमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम चित्रपट काटेकोर पाळतो. पण ही तर घरचीच, दारावरचा माणूस तिला आत घेतो. थोड्याच वेळात स्टॅक तिच्या मिठीत रक्ताच्या थारोळ्यात असतो.

माझं म्हणणं इथे आहे. रेमिकला त्या जागेकडे ओढून आणलं सॅमीच्या गाण्याने, हे खरं. पण दार उघडलं ते मळ्याच्या टोकनांनी. गल्ल्यात खरे डॉलर असते तर मेरीला अंधारात पाठवायची गरजच नव्हती. कूगलरने वंशभेद फक्त शिव्या आणि मारझोडीतून दाखवला असता तर हा चित्रपट चांगला झाला असता, पण एवढा खोल गेला नसता. त्याने दाखवलंय की चार मैलांवरच्या मालकाची वही इथल्या नाचगाण्याच्या खोलीतही हजर असते, आणि माणसांच्या सगळ्या शहाणपणावर मात करते.

हा धागा त्याने आधीपासून विणत आणलाय. गावात स्मोक एका लहान मुलीला गाडीवर लक्ष ठेवायला सांगतो, पैसे देऊ करतो, आणि ती लगेच हो म्हणते तेव्हा थांबवून तिला घासाघीस शिकवतो: पहिल्या आकड्याला हो म्हणायचं नाही. प्रसंग हलका वाटतो. पण ज्यांच्या श्रमाची किंमत कायम दुसऱ्यानेच ठरवली त्यांच्यातल्या एका मोठ्या माणसाने लहान मुलीला दिलेलं हे शिक्षण आहे.

दुसरा प्रसंग गाडीतला. रस्त्याच्या कडेला साखळीत बांधलेले कैदी राबताना दिसतात आणि डेल्टा स्लिम सॅमीला आपल्या मित्राची गोष्ट सांगतो. तोही वादक. गोऱ्यांच्या मेजवानीत वाजवून त्याला बरे पैसे मिळाले, त्यातून चर्च काढायचं त्याच्या मनात होतं. रेल्वे स्टेशनवर लोकांनी ते पैसे पाहिले. एवढे पैसे याच्याकडे आलेच कुठून, नक्की कुणाला तरी मारून लुटलं असणार, एवढ्यावर जमावाने त्याला ठार केलं. काळ्या माणसाच्या हातातली रोकड हाच गुन्ह्याचा पुरावा. गोष्ट सांगताना पडद्यावर डेल्टा स्लिम झालेल्या डेलरॉय लिंडोचा चेहराच असतो, पण कानावर त्या जमावाचे आवाज पडत राहतात. शब्द संपतात तेव्हा तो मांडीवर हाताने ठेका धरतो, घशातून एक गुणगुण निघते, आणि तिचं हळूहळू गाणं होतं. ब्लूज हे काळ्यांचं संगीत म्हणजे काय, हे समजावायला पुस्तकं लिहिली गेली आहेत. लिंडोने ते मिनिटभरात, बसल्या जागी, पुऱ्या अंगाने दाखवलंय. अख्ख्या चित्रपटातला माझ्या लेखी हा सर्वोच्च क्षण.

ज्या गाण्याची सर्वत्र चर्चा झाली तो प्रसंग अर्थातच मोठा आहे. सॅमी गाऊ लागतो आणि त्या गिरणीत काळाच्या भिंती पडतात: आफ्रिकेतले वादक येतात, मुखवटा घातलेला नर्तक येतो, विजेची गिटार घेतलेला पुढच्या पिढीचा वादक, तबकड्या फिरवणारा डीजे, आणि चाऊ दांपत्यापाशी चिनी नाट्यपरंपरेतली पात्रं. शेवटी छप्पर पेटून आकाश उघडं होतं. ऑटम ड्युराल्ड अर्कपॉ हिने हा चित्रपट मोठ्या फिल्मवर टिपला. पूर्ण लांबीचा कथापट आयमॅक्सच्या फिल्मवर चित्रित करणारी ती पहिली स्त्री छायाचित्रकार. बराचसा भाग २.७६ : १ अशा लांबट चौकटीत आहे आणि निवडक ठिकाणी चौकट उंच होत १.४३ : १पर्यंत जाते. चौकट अशी मोकळी झाली की प्रेक्षकाच्या छातीतही काहीतरी मोकळं होतं. लुडविग योरानसनचं संगीत सॅमीच्याच गिटारच्या पोटातून उगवत जातं. धातूची तबकडी बसवलेल्या त्या काळच्या रेझोनेटर गिटारचा खणखणीत, थोडा खरखरीत आवाज सबंध चित्रपटभर कानात राहतो.

हे गाणं ऐकूनच रेमिक येतो. त्याला सॅमीचं रक्त हवंय ते त्याच्या गाण्यासाठी. त्या गाण्याने गेलेली माणसं परत भेटतात, आणि रेमिकची माणसं जाऊन शतकं उलटली. या पात्राला कूगलरने साधा दुष्ट केला नाही. रेमिक म्हणतो, आमच्यात या, इथे रंग नाही, वेदना नाही, मरण नाही, सगळे एक कुटुंब. आणि तो खोटं बोलत नाही. त्याच्या टोळीत गोरे, काळे, चिनी खरंच एका तालावर नाचतात. आयरिश ठेक्यावरचा तो नाच अंगावर काटा आणतो, कारण तो सुंदर आहे. शेवटी पाण्यात सॅमी घाबरून येशूची प्रार्थना पुटपुटतो तेव्हा रेमिकही ती पाठ म्हणतो. ज्यांनी माझ्या बापाची जमीन हिसकावली त्यांनीच ही आमच्यावर लादली, तरी या शब्दांनी अजून बरं वाटतं, असं तो सांगतो. तोही लुटला गेलेलाच. पण त्याच्या कुटुंबात शिरायचं मोल असं की तुझ्या आठवणी सगळ्यांच्या होतात, आणि तरीही ताल मात्र त्याचाच राहतो. सगळे त्याचंच गाणं गातात. समतेच्या नावाने दिलेलं असं आमंत्रण नाकारणं फार कठीण असतं, कारण बाहेर दुसरं काय आहे ते सॅमीलाही माहीत आहे.

दार दुसऱ्यांदा उघडतं ते पोटच्या लेकरापायी. बो आता त्यांच्यात गेलाय, म्हणून त्याला जे ठाऊक ते रेमिकला ठाऊक. रेमिक ग्रेसशी तिच्याच भाषेत बोलतो आणि मुलीकडे जाईन म्हणून धमकावतो. ती बेभान होऊन ओरडते: या आत! त्या एका ओळीने खोलीतल्या जवळजवळ सगळ्यांचा घात होतो. अनेकांना ग्रेसचा राग येतो. मला येत नाही. आत बसून पहाट व्हायची वाट पाहिली असती तर आतली वाचलीही असती, पण तिची लेक बाहेर गावात झोपलेली होती. कुटुंब वाचवायला बांधलेली भिंत एकाच्या कुटुंबाला बाहेर ठेवते, आणि त्यावर उपाय तिथे कुणाकडेच नव्हता.

आता प्रकरणाचा खरा निकाल. दार उघडलं नसतं तर मंडळी वाचली असती का? नाही. रेमिकच्या तोंडून कळतं की गिरणी विकणारा हॉगवुड हा कू क्लक्स क्लॅनचा, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचा, स्थानिक म्होरक्या आहे, आणि सकाळी माणसं आणून सगळ्यांना मारायचं हे विक्रीच्या वेळीच ठरलं होतं. क्लॅन आता उरलीच नाही, असं तोच भावांना सांगून गेला होता. पैसे खरे दिले, जागा मात्र कधीच त्यांची झाली नाही. सकाळी स्मोक एकटा बंदुका घेऊन त्यांची वाट पाहतो, त्यांना संपवतो आणि स्वतःही जातो. काही समीक्षकांना हा शेवट जोडून आणलेला वाटला. पिशाच्चांशी झुंज संपल्यावर पुन्हा एक गोळीबार आल्याने लय ढळते, हे मलाही मान्य आहे. पण हिशेब पुरा व्हायला तो हवाच होता. पिशाच्च निमंत्रणाची वाट पाहतं, क्लॅनला निमंत्रण लागत नाही.

जे खरोखर कमी पडतं ते वेगळंच. रेमिकच्या मागावर आलेले चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचे शिकारी एका प्रसंगात येतात, इशारा देतात आणि कायमचे जातात. १८३०च्या करारानंतर ज्यांना याच मिसिसिपीतून हुसकावलं, त्या लोकांना आणि आयर्लंडच्या दुष्काळात १८४७ साली त्यांनीच वर्गणी काढून पाठवलेल्या मदतीला कथेत अजून जागा हवी होती. आयरिश पिशाच्च आणि चॉक्टॉ शिकारी यांची भेट घडवायची आणि त्या जुन्या नात्यावर दोन वाक्यंही खर्च करायची नाहीत, ही माझ्या मते संधी हुकली.

आता त्या गाण्याकडे. गीची वायली आणि एल्व्ही टॉमस यांचं ते मुद्रण पॅरामाउंट नावाच्या कंपनीने विस्कॉन्सिनमध्ये केलं. ही कंपनी होती एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. ग्रामोफोनची कपाटं ते बनवत, कपाटं खपावीत म्हणून तबकड्या काढत. काळ्या कलाकारांना साधारणपणे गाण्यामागे ठरावीक पैसे हातावर टेकवत, पुढे विक्रीतला वाटा नाही. वायलीबद्दल आज फार थोडं माहीत आहे. पुढे याच डेल्टाच्या संगीतावर ब्रिटन-अमेरिकेतले गोरे वाद्यवृंद जगभर गाजले. मिसिसिपीत जन्मलेल्या विली डिक्सन या ब्लूज गीतकाराला लेड झेपेलिनच्या एका प्रचंड गाजलेल्या गाण्यात आपल्या शब्दांचं श्रेय मिळवायला दावा लावावा लागला, तो १९८७मध्ये आपसात मिटला. दाराशी उभ्या रेमिकच्या तोंडी कूगलरने वायली-टॉमसचंच गाणं घातलं, ते मला योगायोग वाटत नाही.

आणि म्हणूनच या चित्रपटाचा करारही याच प्रकरणाचा भाग धरायला हवा. कूगलरने वॉर्नर ब्रदर्सकडून तीन गोष्टी मागून घेतल्या: अंतिम संकलनाचा अधिकार, पहिल्या डॉलरपासून कमाईत वाटा, आणि २५ वर्षांनी चित्रपटाची मालकी स्वतःकडे. हॉलिवूडमध्ये स्टुडिओचा चित्रपट सहसा कायमचा स्टुडिओचाच असतो. काळ्या माणसांच्या मालकीविषयीचा हा चित्रपट, म्हणून याच चित्रपटासाठी ती अट, असं त्याने मुलाखतीत स्पष्ट केलं. त्यावर स्टुडिओंच्या वर्तुळात घबराट पसरल्याच्या बातम्या आल्या. दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोला तशीच अट मिळाल्याचं आधी छापून आलं होतं, तेव्हा एवढा गहजब झाला नव्हता. नऊ-दहा कोटी डॉलर खर्चाचा हा चित्रपट पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत सुमारे ४.८ कोटी कमावून गेला, तेव्हाही नफा अजून लांब आहे असं एका व्यवसायपत्राने आवर्जून लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात कमाई साधारण पाच टक्केच घसरली, जे भयपटांच्या बाबतीत जवळपास ऐकिवात नाही. जगभरचा आकडा शेवटी ३६ कोटी डॉलरच्या वर गेला आणि ऑस्करची १६ नामांकनं मिळाली. एवढी याआधी कुठल्याही चित्रपटाला मिळाली नव्हती.

कथेची प्रेरणा कूगलरचे मिसिसिपीहून आलेले काका. ते ब्लूजच्या तबकड्या लावून बसत. कूगलर 'क्रीड' हा आधीचा चित्रपट पुरा करत होता त्या काळात, २०१५मध्ये, ते गेले, आणि नंतर तीच गाणी ऐकताना हा चित्रपट त्याला सुचला. चित्रीकरण मात्र मिसिसिपीत न होता लुइझियानात झालं. क्लार्क्सडेलला तर चित्रपटगृहच उरलं नव्हतं. स्वतःच्या गावाची गोष्ट पाहायला लोकांना दुसऱ्या गावी जावं लागलं असतं. गावकऱ्यांनी कूगलरला जाहीर पत्र लिहून सह्या गोळा केल्या. २०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस तो सहकाऱ्यांसह तिथे गेला आणि गावाच्या सभागृहात पडदा लावून क्लार्क्सडेलच्या लोकांना 'सिनर्स' दाखवला गेला.